अंतराळवीर आणि वैमानिकांच्या चरित्रातल्या चुका कशा पकडायच्या

कल्पना चावलावर भाषण किंवा लेख लिहायला बसलात की नेटवर ढीगभर मजकूर मिळतो, आणि त्यातला बराचसा एकमेकांवरून उतरवलेला असतो, त्यामुळे "सगळीकडे हेच लिहिलंय" हा पुरावा धरूच नका. श्रद्धांजलीचे लेख बाजूला ठेवा आणि आधी मिशनची माहिती उघडा. नासाच्या साइटवर अंतराळवीरांचे बायो आणि प्रत्येक शटल मिशनचा गोषवारा फुकट आहे, इंग्रजी अगदी सोपं असतं.

आता हे वापरायचं कसं ते कल्पनाच्याच उदाहरणावर बघू. "कल्पनाने स्पेसवॉक केला" असं वाचलंत तर नोव्हेंबर १९९७ च्या एसटीएस-८७ मिशनचं पान काढा. तिने रोबोटिक आर्मने स्पार्टन नावाचा उपग्रह बाहेर सोडला हे खरं, पण तो नीट चाललाच नाही आणि त्याला हाताने पकडून आणायला यानाबाहेर गेले विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई, कल्पना आतच होती. या पानांवर स्पेसवॉकचा भाग वेगळा असतो, तिथली नावं वाचली की दोन मिनिटांत निकाल.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे, कल्पनाचा ज्यात मृत्यू झाला त्या कोलंबिया शटलचा स्फोट "उड्डाणानंतर ७३ सेकंदांत" झाला. अहो ते दुसरं शटल, चॅलेंजर, २८ जानेवारी १९८६! कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना, उतरायला साधारण १६ मिनिटं असताना तुटलं. घोळ का होतो तेही कळतं, कारण कोलंबियाच्या डाव्या पंखाला इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा लागला होता तो १६ जानेवारीच्या उड्डाणातच, मग वाचणारा दोन्ही गोष्टी एकत्र करतो.

जन्मतारखेचं काय? १७ मार्च १९६२ आणि १ जुलै १९६१ अशा दोन्ही सापडतील. पहिली खरी, दुसरी मॅट्रिकच्या परीक्षेला बसता यावं म्हणून कागदोपत्री लावलेली. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, तसाच प्रकार. अशा वेळी एक तारीख खोडू नका, दोन्ही लिहा आणि कारण द्या.

"पहिला" किंवा "पहिली" दिसलं की लगेच विचारा, नक्की कशात पहिला? अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग १९२७ मध्ये विमानाने अटलांटिक महासागर न थांबता पार करणारा पहिला नव्हे, ते अल्कॉक आणि ब्राउन, १९१९, लिंडबर्ग एकट्याने पार करणारा पहिला. एवढा एक शब्द गाळला की वाक्य खोटं. जेआरडी टाटांचंही तसंच, १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, पण पुढे मद्रासपर्यंत विमान नेलं त्यांचा सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंटने. "जेआरडींनी कराची ते मद्रास उड्डाण केलं" हे वाक्य दिसलं की दुरुस्त करा, व्हिन्सेंटचं नाव तसंही कुणी घेत नाही.

आकडे घेताना लेख कधीचा आहे ते बघा. सुनीता विल्यम्सचे अंतराळातले दिवस कुठे ३२२ तर कुठे ६०८ दिसतात, कारण ३२२ हा पहिल्या दोन मोहिमांचा हिशोब आणि मार्च २०२५ ला परत आली तेव्हा त्यात २८६ ची भर पडली. आणि तिचा जन्म गुजरातचा नाही, अमेरिकेत ओहायोचा, वडील गुजरातचे.

तारखेत एका दिवसाचा फरक आला तर लगेच चूक म्हणू नका. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती, आपल्याकडे २१ ची सकाळ, साडेआठच्या सुमारास. कुठली वेळ धरली ते लिहा, बस. राकेश शर्मांच्या बाबतीत मात्र वेगळीच गोष्ट तपासा, जाताना सोव्हिएत यान सोयुझ टी-११, येताना टी-१०. "टी-११ मधून गेले आणि आले" असं लिहिणाऱ्याने परतीचा प्रवास बघितलेलाच नसतो.

शेवटचा आणि आपल्याला जरा बोचणारा प्रकार, शिवकर बापूजी तळपदे. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं असं छातीठोकपणे लिहितात, पण त्या काळचा खात्रीचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि ज्या वैमानिकशास्त्राचा दाखला देतात ते पुस्तक १९०४ च्या आधीचं नाही आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवलं. अभिमान ठेवा हो, पण वाक्य "उडवल्याचं सांगितलं जातं" असंच लिहा, आणि कुणी वर्तमानपत्राचा हवाला दिला तर त्या अंकाची तारीख आणि कात्रण मागा.