क्रूझवरची ग्रॅच्युइटी आणि ड्रिंक्सचं बिल कसं समजून घ्यावं

आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हटलं की निवृत्ती आठवते. साधारणपणे पाच वर्षं नोकरी झालेली असावी लागते, मग शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, आणि ती रक्कम कंपनी आपल्याला देते. क्रूझच्या कागदांवर हाच शब्द दिसतो तेव्हा तो कर्मचाऱ्यांच्या टिपेचा असतो आणि देणारे आपण असतो. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले. बुकिंगचा कागद वाचून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, “हे बोटवाले आपल्याला ग्रॅच्युइटी का देतायत?”

क्रूझच्या भाड्यात केबिन, रोजचं जेवण, नाटकं-गाणी, पोहण्याचा तलाव हे सगळं येतं. बाहेर राहतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: कर्मचाऱ्यांची रोजची टीप आणि पाणी-चहा सोडून बाकीची पेयं. या दोन्ही गोष्टी आधी समजून घेतल्या नाहीत तर शेवटच्या रात्री दाराखाली सरकवलेलं किंवा क्रूझ कंपनीच्या अ‍ॅपवर आलेलं बिल बघून झोप उडते. आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांची पहिली मोठी क्रूझ सिंगापूरहून होते, म्हणून खालचा हिशोब तिथल्या चार रात्रींच्या फेरीचा आणि रॉयल कॅरिबियनच्या दरांचा धरला आहे. दुसरी कंपनी असेल तर आकडे बदलतील, रीत साधारण हीच.

पायरी १: रोजचा दर शोधा आणि माणशी गुणा

ही टीप माणशी, रोजची असते. केबिनमागे नसते, इथेच पहिली चूक होते. रॉयल कॅरिबियनचा साध्या केबिनचा दर सध्या माणशी रोज १८.५० डॉलर आहे, स्वीटसाठी (म्हणजे मोठ्या, महागड्या केबिनसाठी) २१ डॉलर. नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर हेच आकडे २० आणि २५ आहेत. लहान मुलांची सूट प्रत्येक कंपनीत वेगळी. रॉयल कॅरिबियन वय बघत नाही, बाबागाडीतल्या बाळाचीही टीप लागते.

आता चौघांचं कुटुंब, चार रात्री: १८.५० गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे २९६ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर २६,६४० रुपये. जाहिरातीतल्या ‘माणशी अमुक हजारांपासून’ या भाड्यात ही रक्कम बहुतेक वेळा नसते. दोन क्रूझची तुलना करताना ती दोन्हीकडे मिळवूनच तुलना करा.

सगळ्या कंपन्या असं करत नाहीत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९मध्ये रोजची टीप बंद करून टाकली. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबोर्न या महागड्या बोटींच्या भाड्यात टीप आणि बहुतेक मद्यही आधीच धरलेलं असतं. भाडं बघून छाती दडपते, पण निदान बिल एकदाच येतं.

पायरी २: कोणाच्या टिपा ‘समाविष्ट’ आहेत ते विचारा

टूर कंपनीबरोबर जात असाल तर माहितीपत्रकात ‘टिप्स समाविष्ट’ असं लिहिलेलं असतं. या टिपा बसचालकाच्या, गाइडच्या की क्रूझच्या? तिन्ही वेगळ्या. तोंडी “हो हो, सगळं आहे” यावर थांबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच वाक्य पाठवा: “क्रूझची रोजची ग्रॅच्युइटी आमच्या नावावर आधीच भरली आहे का?” उत्तर लेखी आलं की स्क्रीनशॉट ठेवा. टूर कंपनीने भरली असेल तर बोटीवरच्या खात्यात ती लागता कामा नये. पहिल्याच संध्याकाळी अ‍ॅपवर बघा. लागली असेल तर लगेच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा.

स्वतः बुकिंग केलं असेल तर आगाऊ भरायचा पर्याय असतो. मी आगाऊ भरते. पैसे तेवढेच जातात, पण प्रवासाच्या आनंदातून त्यांचं बिल वेगळं पडतं.

पायरी ३: टीप काढून टाकायची का, हे ठरवा

बऱ्याच बोटींवर ही टीप काउंटरवर जाऊन कमी करता येते किंवा पूर्ण काढता येते. आपल्याकडे हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जवरून भांडायची सवय आहे, आणि ते भांडण योग्यही आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये हॉटेलांना बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये ती उचलून धरली. परदेशी बोटीवर मात्र हा मुद्दा चालत नाही.

आणि चालला तरी मी तो मांडणार नाही. आमच्या मजल्यावरचा केबिन साफ करणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीतला होता. गोव्यात ‘मुलगा बोटीवर असतो’ म्हटलं की लोकांना पुढचं सांगावं लागत नाही. ‘तारवटी’, म्हणजे बोटीवर काम करणारा, हा तिथला घरोघरचा शब्द आहे. सहा-सात महिने सलग काम, आठवड्याची सुट्टी नाही, आणि हातात पडणाऱ्या पैशांतला मोठा वाटा प्रवाशांच्या याच रोजच्या टिपेतून येतो. ती आपल्या केबिनवाल्याबरोबरच जेवणघरातल्या वाढप्यांमध्ये आणि पडद्यामागच्या लोकांमध्येही वाटली जाते. म्हणजे नावाला टीप, प्रत्यक्षात पगारच, फक्त तो भाड्यातून न देता आपल्याकडून वेगळा घेतला जातो. राग यायचा तर या पद्धतीचा यावा. सेवा खरंच वाईट मिळाली तर आधी तक्रार करा. सुधारणा झाली नाही तर मग कमी करा.

वेगळी रोख टीप द्यायची सक्ती नाही. मी त्या मुलाला शेवटच्या दिवशी पाकीट दिलं तर तो म्हणाला, “ताई, शेवटी सर्व्हे येईल त्यात माझं नाव लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.” पाकीट घेतलं, पण नावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं.

पायरी ४: फुकट काय मिळतं ते आधी पिऊन घ्या

पाणी, साधी कॉफी, टी-बॅगचा चहा, लेमोनेड, सकाळच्या नाश्त्याला रस हे बुफेत फुकट असतं. केबिनच्या नळाचं पाणीही पिण्याजोगं असतं. रिकामी बाटली घरून न्या. केबिनच्या टेबलावर जी पाण्याची बाटली उभी असते तिच्या गळ्यात कागदाची पट्टी असते आणि पट्टीवर किंमत असते. मुलं ती पट्टी काढून फेकतात आणि बाटली फोडतात. चहाच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवा. आल्याचा चहा हवा असेल तर चहा मसाल्याची पुडी बरोबर असू द्या.

कोल्ड्रिंक, मॉकटेल, ताज्या फळांचा रस, एस्प्रेसो-कॅपुचिनो, बाटलीबंद पाणी यांना पैसे पडतात. दारू पीत नाही म्हणून बिल शून्य येईल, हा समज इथेच सोडा.

पायरी ५: पावती वाचायला शिका

सगळ्या लेखात एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बोटीवर प्रत्येक पेयावर आपोआप टीप लागते. रॉयल कॅरिबियनवर १८ टक्के, नॉर्वेजियनवर २० टक्के. ही पायरी १मधल्या रोजच्या टिपेहून वेगळी आणि तिच्या वर. मेनूकार्डावर कॉकटेल १४ डॉलर असेल तर खात्यात १६.५२ डॉलर जातात, म्हणजे जवळपास दीड हजार रुपये. काही बंदरांत उभ्या बोटीवर त्यात स्थानिक करही मिळतो. टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन किंवा स्पेनची बंदरं ही त्यातली ठरलेली उदाहरणं.

आता पावती. वर पेयाची किंमत छापलेली असते, खाली १८ टक्के ग्रॅच्युइटी छापलेली असते, मग बेरीज. आणि त्याखाली एक रिकामी रेघ असते: ‘अ‍ॅडिशनल टिप’. तिच्याखाली पुन्हा ‘टोटल’, तीही रिकामी. बार अंधारलेला, चष्मा केबिनमध्ये, समोरचा माणूस हसतमुखाने पेन पुढे करतो. आमच्या पहिल्या क्रूझवर माझ्या नवऱ्याने त्या रेघेवर प्रत्येक वेळी ३ लिहिलं, का तर रिकामी रेघ सोडणं त्याला अपमानास्पद वाटलं. सोळा पावत्या, ४८ डॉलर, आणि ते छापलेल्या टिपेच्या वर. चूक कुणाची नव्हती, आमचीच होती. सगळं इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं.

तेव्हा रिकाम्या रेघेवर आडवी रेघ मारा, खालच्या टोटलमध्ये वरचीच बेरीज लिहा, सही करा. कुणी वाईट मानत नाही. एखाद्याने खरंच जीव लावून सेवा दिली असेल तर जाणूनबुजून लिहा.

रूम सर्व्हिसचंही असंच. रॉयल कॅरिबियनवर सकाळचा साधा नाश्ता सोडला तर खोलीत मागवलेल्या ऑर्डरला ७.९५ डॉलर सेवाशुल्क आणि त्यावर पुन्हा १८ टक्के पडतात. लिफ्टने वर जाऊन बुफेतून ताट भरून आणलं तर शून्य.

पायरी ६: ड्रिंक्स पॅकेजचं गणित कागदावर मांडा

पॅकेज म्हणजे रोजचा ठरलेला दर भरायचा आणि पेयं सुटी न मोजता प्यायची. त्याचे दर फेरीप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतात. समजा दारूसह पॅकेज माणशी रोज ७५ डॉलर आहे. त्यावर १८ टक्के धरून ८८.५० झाले. वरचं १६.५२ डॉलरचं कॉकटेल धरलं तर पैसे वसूल व्हायला रोज सहा कॉकटेल्स प्यावी लागतील. आठ डॉलरच्या बिअरवर असाल तर दहा. बोट बंदरात असते तो दिवस तुम्ही बाहेर फिरत असणार, तो दिवसही यात मोजलेला. नवरा-बायको दोघांचे चार रात्रींचे ७०८ डॉलर, म्हणजे ६३,७२० रुपये. एवढ्यात कोकणात दोन सहली होतात.

आणि खरी मेख पुढे आहे. रॉयल कॅरिबियनवर एका केबिनमधल्या एका माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या मद्यपानाच्या वयाच्या सगळ्यांना ते घ्यावं लागतं. नाहीतर एकाच पॅकेजवर चौघं पितील, ही त्यांची भीती. सिंगापूरहून निघणाऱ्या फेरीत हे वय १८ आहे, अमेरिकेतून निघालात तर २१. म्हणजे बाबांनी पॅकेज घेतलं की न पिणारी आई आणि एकोणीस वर्षांचा मुलगाही त्यात आले. दोन केबिन घेणार असाल तर पिणारे एका केबिनमध्ये आणि न पिणारे दुसऱ्या, अशी नावं टाका. सासूबाई आणि सूनबाई एका खोलीत आल्या तर ते गणित वेगळं, त्यात मी पडत नाही.

पॅकेजलाही मर्यादा असतात. रॉयल कॅरिबियनचं पॅकेज १४ डॉलरपर्यंतचं पेय धरतं, वरचा फरक आपण भरायचा. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीच्या बोटींवर चोवीस तासांत पंधरा मद्यपेयांची सीमा आहे. मिनी बार आणि घरी न्यायचा रंगीबेरंगी ग्लास यांचे पैसे वेगळे. न पिणाऱ्यांसाठी रस, मॉकटेल, कॉफीचं स्वस्त पॅकेज असतं. कॉफीबाज माणसाला ते परवडू शकतं, बाकीच्यांनी सुटं सुटं घ्यावं. घ्यायचंच ठरलं तर बोटीवर चढण्याआधी ऑनलाइन घ्या, बोटीवर महाग पडतं. मधे दर उतरला तर जुनं रद्द करून नवं घेता येतं.

रॉयल कॅरिबियनवर चढताना प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली नेता येते. ती जेवणघरात उघडली तर १५ डॉलर आकार पडतो, खोलीत प्यायली तर काही नाही. बिसलेरीच्या बाटलीत व्हिस्की नेण्याची युक्ती करू नका, सामान स्कॅन होतं.

पायरी ७: कार्ड, चलन आणि शेवटची रात्र

बोटीवर रोकड चालत नाही. खोलीची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे टेकवायचं आणि ते आपल्या क्रेडिट कार्डाशी जोडलेलं असतं. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्या, काउंटरवर दोन मिनिटांचं काम आहे. डेबिट कार्ड जोडू नका, कारण बोट आधीच काही रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला वेळ लागतो.

बिल डॉलरमध्ये असेल तर भारतीय क्रेडिट कार्डावर साधारण ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर जीएसटी लागतो. एक लाखाच्या बिलावर चार हजारांच्या वर. मार्कअप कमी असलेलं कार्ड घरात कुणाकडे असेल तर तेच जोडा. बिल रुपयांत करून देऊ का, असं कुणी विचारलं तर नको म्हणा, तो दर नेहमी महाग असतो. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या क्रूझवर बिल रुपयांतच येतं, तिथे ही कटकट नाही. (तिची ‘एम्प्रेस’ ही बोट पूर्वी रॉयल कॅरिबियनचीच होती.) सेवाशुल्क आणि पेयांच्या ओळी मात्र तिथेही तशाच वाचायच्या.

अ‍ॅपवरचं खातं रोज रात्री झोपताना बघा. चुकीची ओळ दिसली तर शेवटच्या सकाळची वाट बघू नका. त्या सकाळी काउंटरसमोर अख्खी बोट उभी असते आणि तुम्हाला विमान पकडायचं असतं. आदल्या दिवशी दुपारी, लोक बुफेत असताना जा आणि सह्या केलेल्या पावत्यांच्या प्रती बरोबर न्या. घरी आल्यावर क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये एकच अंतिम रक्कम राहिली आहे ना, अडवलेली रक्कम सुटली ना, एवढं बघून बोटीचं बिल फाइलला लावा.