पावसाळ्यात चित्रसंग्रह कसा जपावा: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी

चित्र टांगायच्या आधी भिंत तपासा. ठाण्यात आणि वाशी-नेरूळच्या पट्ट्यात पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, त्यामुळे इमारतीच्या दक्षिण-पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरून बसतात. बाथरूमला लागून असलेली भिंत तर बाराही महिने. रंगाखालची ओल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि ४८ तास तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर भिंतच ओली आहे. तिथे चित्र नको, सोफ्यामागची तीच जागा कितीही शोभून दिसो. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दोष हवेचा. ही चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच करा. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती पास होतात.

सगळ्यात भरवशाची भिंत म्हणजे घरातल्याच दोन खोल्यांमधली. तिथेही फ्रेम भिंतीला चिकटू देऊ नका. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत ६ ते ८ मिमी जाडीच्या कॉर्कच्या चकत्या लावा. बाटलीचं बूच कापून केलेल्या चालतात. मागून हवा खेळती राहिली की बुरशीला बसायला जागा मिळत नाही. फोमचे तुकडे वापरू नका, ते ओल शोषतात. खाडीच्या खारट हवेत साधी लोखंडी तार आतून गंजत जाते आणि एके रात्री तुटते, म्हणून स्टेनलेस स्टीलची तार आणि एकाऐवजी दोन हुक.

आता हवा. दोन-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, पण आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घाला. मीठ ओलसर व्हावं, विरघळू नये. ते झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून १२ तास ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. ८० आला तर तुमचा मापक ५ जास्त दाखवतो. मागे चिठ्ठी चिकटवून तेवढे वजा करत जा.

कागद आणि कॅनव्हास दोन्हींना ५० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. रात्री एसी आणि दिवसा बंद, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार तैलचित्राला फार वाईट: कॅनव्हास रोज ताणतो आणि सैल होतो, वरचा सुकलेला रंग तेवढा लवचिक नसतो, आणि हळूहळू तडे जातात. संग्रह एकाच खोलीत असेल तर डिह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचून घेणारं यंत्र) ५५ टक्क्यांवर लावून दारं-खिडक्या बंद ठेवा. खिडकी उघडी ठेवून तो चालवणं म्हणजे खाडी उपसणं. सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, पुड्या खोलीत ठेवून काही होत नाही, ते बंद डब्यातच काम करतं. ४० लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात निदान अर्धा किलो लागतं. नारंगी दाण्यांचा रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पुन्हा वापरता येतात.

फ्रेमवाल्याकडे मात्र उभं राहून काम करून घ्या. बहुतेक ठिकाणी मागे हार्डबोर्ड, त्यावर तपकिरी टेप, आणि चित्र थेट काचेला टेकलेलं असतं. हार्डबोर्डमधलं आम्ल कागद पिवळा पाडतं; काचेला टेकलेला कागद पावसाळ्यात तिलाच चिकटतो. त्याला चार गोष्टी सांगा: माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) आम्लरहित पुठ्ठ्याचा, मागचा पुठ्ठाही तसाच, काच आणि चित्र यांत किमान ३ मिमी अंतर, आणि सेलोटेप किंवा फेविकॉल नाही. चित्र वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चची खळ लावून, टांगलेलं हवं. कागद ओलाव्याने फुगतो. चारही बाजूंनी चिकटवला तर फुगायला वाव नसतो आणि लाटा येतात.

वारली चित्रं या भागात घरोघरी आहेत. पारंपरिक पद्धतीच्या चित्रात शेण-गेरूच्या थरावर तांदळाच्या पिठाची रेघ असते. ती पाण्याने सुटते, घासली तर भुकटी होते, आणि कसरीला आवडते. अशा चित्राला ओला फडका कधीच नाही. कापडावर असेल तर घडीही नाही, नळीवर गुंडाळून ठेवा.

कसर लागलीच तर कागद-कापडाची वस्तू पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये १४ दिवस ठेवा. घरचे तयार झाले तर. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, दव पिशवीच्या बाहेर राहू द्या. तैलचित्र, अॅक्रिलिक किंवा काचेतलं काही फ्रीजरमध्ये नको. पेस्ट कंट्रोलची फवारणी चित्रावर कधीच नाही. वेखंड ठेवायची जुनी रीत वाईट नाही, पण पुरचुंडीत. कडुलिंबाचा पाला कागदाला टेकला की डाग पडतो.

उजेडाचं थोडक्यात: जलरंगांना ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर नको, तैलरंगांना २०० पर्यंत चालतं. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अॅप अंदाजाला पुरतं.

मग कागदपत्रं. प्रत्येक चित्राचे समोरून, मागून आणि सहीचे फोटो, मिलिमीटरमध्ये मापं, माध्यम, पावती. एक प्रत घराबाहेर ठेवा. एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या विम्याच्या पॉलिसीत कलाकृती आपोआप येत नाहीत; मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आग-पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरी त्यात येते, पण साधी घरफोडी नाही, तिचा विमा निराळा. ओल आणि कसर यांनी हळूहळू होणारं नुकसान कोणी भरून देत नाही. घरात १०० वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी तपासून घ्या.

आणि वरच्या मजल्यावरून गळून चित्र भिजलंच तर हातात साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी. कागदावरचं चित्र फ्रेममधून काढून टीपकागदावर रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, टीपकागद दर तासा-दोन तासांनी बदला. पंखा खोलीत चालू, पण चित्रावर रोखलेला नको. ऊन नको, इस्त्री तर नकोच. कॅनव्हास चौकटीवरून उतरवू नका. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काच खाली करून तसंच आडवं ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारून मग काचेसकटच न्या.