डीएसएल मोडेमला नवा वायरलेस राउटर जोडताना

सदाशिव पेठेतल्या जुन्या घरांत टेलिफोनची तार बहुधा दारालगतच्या खोलीत येते आणि जाड भिंतींमुळे वायफाय आतपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी डीएसएल मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणणारे यंत्र, जागेवरच ठेवून लांब इथरनेट केबलने राउटर घराच्या मध्यावर आणावा. टेलिफोनची बारीक पिन राउटरला लावायची नसते. स्प्लिटरमधून, म्हणजे फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणाऱ्या डबीतून, निघणारी ती तार मोडेममध्येच राहते. मोडेमच्या लॅन पोर्टमधून (इथरनेट केबलच्या खाचेतून) निघालेली केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे सहसा वेगळ्या रंगाच्या खाचेत, ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवावी.

खरी गफलत पुढे होते. मोडेम आणि राउटर या दोघांचाही आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला ओळख क्रमांक, अनेकदा १९२.१६८.१.१ हाच असतो, त्यामुळे दिवे लागूनही इंटरनेट चालत नाही. म्हणून राउटर जोडण्यापूर्वीच त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकल्यास, म्हणजे लॉगिनचे काम राउटरकडे सोपवल्यास, पीपीपीओईचे (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम व पासवर्ड राउटरमध्ये भरावे लागतात, मात्र व्हीपीआय-व्हीसीआयचे, म्हणजे डीएसएल लाइनवरची जोडणी ओळखणारे, आकडे मोडेममध्येच राहू द्यावेत. माझ्या मते, ज्याला हा खटाटोप नको, त्याने मोडेमलाच डायल, म्हणजे लॉगिन, करू द्यावे.

शेवटी आधी मोडेम सुरू करून डीएसएलचा दिवा स्थिर झाल्यावरच राउटर चालू करावा आणि वायफायला डब्ल्यूपीए२ (वायफाय सुरक्षेची एक पद्धत) पासवर्ड द्यावा.