सॉफ्ट लॉकअप आला म्हणून थ्रेशोल्ड वाढवू नका: कर्नल वॉचडॉगच्या या चुका टाळा

दर पावसाळ्यात आमच्याकडे नागपूरच्या कॉलेजांतून नवीन मुलं कामाला येतात, आणि महिन्याभरात एकजण तरी हाच प्रश्न घेऊन टेबलापाशी उभा राहतो: "सर, लॉगमध्ये सॉफ्ट लॉकअप येतोय, वॉचडॉग बंद कसा करायचा?" मला या प्रश्नाचा मनापासून त्रास होतो. घरात चोर शिरल्यावर कुत्र्याचं तोंड बांधायला निघण्यासारखंच आहे हे.

आधी हा वॉचडॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नलमधला) पहारेकरी, करतो काय, ते नीट समजून घ्या. लिनक्सच्या प्रत्येक सीपीयूवर एक टायमर असतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो दर 4 सेकंदांनी वाजतो आणि दोन कामं करतो. एक, स्वतःचा मोजणीचा आकडा एकाने वाढवतो. दोन, सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचं एक छोटं काम शेड्युलरकडे (सीपीयू कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्याकडे) टाकतो, ते काम वेळेचा शिक्का मारून जातं. शिक्का 20 सेकंदांहून जुना झाला की तो सॉफ्ट लॉकअप. म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक) चालू आहेत, पण कर्नलमधला कोणीतरी सीपीयू सोडत नाही. इंटरप्टच बंद करून कोणी बसलं तर टायमरही वाजत नाही. अशा वेळी न अडवता येणारा इंटरप्ट, म्हणजे एनएमआय, साधारण दर 10 सेकंदांनी येऊन मोजणीचा आकडा बघतो. आकडा हलला नसेल तर तो हार्ड लॉकअप.

हे डोक्यात बसलं की "स्टक फॉर 22 सेकंद", "स्टक फॉर 26 सेकंद" असेच आकडे का दिसतात तेही कळतं. तपासणीच दर 4 सेकंदांनी होते.

थ्रेशोल्ड वाढवून गप्प करणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हिच्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात आमची पेटी बसवली होती. चार कोरचा इंडस्ट्रियल पीसी, आत एक पीसीआय एक्सप्रेस कार्ड, आणि त्या कार्डातून भट्टीवरच्या सेन्सरचे आकडे गोळा व्हायचे. एप्रिलच्या मध्यापासून लॉगमध्ये अधूनमधून सॉफ्ट लॉकअप दिसायला लागला. 22 सेकंद, 23 सेकंद, मग सगळं पूर्ववत. आमच्यातल्या एकाने शोधाशोध करून कर्नल.वॉचडॉग_थ्रेश, म्हणजे वॉचडॉगच्या मर्यादेची (थ्रेशोल्डची) सेटिंग, 10 सेकंदांवरून 60 केली. 60 च्या वर ती जातच नाही. सॉफ्ट लॉकअपची मर्यादा हिच्या दुप्पट असते, म्हणजे आता 120 सेकंद अडकल्याशिवाय कर्नल तोंड उघडणार नव्हता. लॉग स्वच्छ झाला, तक्रार बंद झाली, आणि मीही खोलात गेलो नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास असतो, पॅनलच्या आत त्याहून जास्त. एका शनिवारी दुपारच्या शिफ्टला पेटी बंद पडली. पिंगला उत्तर येत होतं, पण एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नव्हतं, स्क्रीनवरचे आकडे जागच्या जागी थिजलेले. हे चित्र लक्षात ठेवा. पिंगचं उत्तर इंटरप्टच्या वाटेनेच निघून जातं, एसएसएचला मात्र प्रोसेस चालावी लागते. पिंग चालतं आणि लॉगिन होत नाही, तेव्हा माझा पहिला संशय सॉफ्ट लॉकअपवर असतो.

दोन तासांनी कोणीतरी वीज बंद-चालू केली. त्या दोन तासांची नोंद गेली ती गेलीच. लॉगमध्ये एक ओळही सापडली नाही, कारण लॉग डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोसेसलाही सीपीयू मिळाला नव्हता.

तीन दिवस कोड वाचण्यात घालवले. धागा शेवटी मशीनवरच्या ऑपरेटरने दिला. तो म्हणाला, "सायेब, हे सकाळी चांगलं चालते, दुपारीच काहून अटकते?" मग थ्रेश परत 10 वर आणला, सॉफ्टलॉकअप_पॅनिक 1 केलं (लॉकअप दिसताच कर्नलने पॅनिक करून थांबायचं), त्या क्षणाची मेमरी जपणारा केडंप लावला आणि वाट बघितली. दुसऱ्याच दुपारी डंप हाती आला. ड्रायव्हरमधली ओळ अशी होती: स्पिनलॉक (ज्याची वाट बघणारा सीपीयू न झोपता जागीच फिरत राहतो असं कुलूप) घ्या आणि कार्डाचा बिझी बिट उतरेपर्यंत स्टेटस रजिस्टर वाचत राहा. गोल फिरण्याला मर्यादा नाही. कार्ड तापलं की त्याचं फर्मवेअर स्वतःला रीसेट करायचं आणि पंचवीसेक सेकंद बिझी दाखवायचं. एप्रिलमधले 22-23 सेकंद तिथून आले होते. मेमध्ये ते कार्ड बसवरूनच गळून पडलं. नसलेल्या कार्डाचं रजिस्टर वाचलं की सगळे बिट 1 येतात, आठच्या आठ एफ. त्यात बिझी बिटही 1, म्हणजे तो कधीच उतरणार नाही. उरलेले तीन कोर त्याच लॉकच्या दाराशी फिरत राहिले.

महिनाभर कर्नल नेमकं हेच सांगत होता, आणि आम्ही त्याला गप्प केलं होतं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली. फिरणं काढून रीडएल_पोल_टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेपर्यंतच रजिस्टर बघणारं फंक्शन, घातलं. ते मध्ये झोपतं, म्हणून स्पिनलॉकच्या जागी म्युटेक्स, म्हणजे झोपू देणारं कुलूप, आला. वाचलेलं मूल्य सगळे एफ असेल तर "कार्ड गेलं" असं समजून एरर परत द्यायची. तेव्हापासून माझ्या हाताखालून जाणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरमध्ये हार्डवेअरची वाट बघणारं, पण वेळेची मर्यादा नसलेलं लूप दिसलं की मी ते परत पाठवतो. "डेटाशीटमध्ये दोन मायक्रोसेकंद लिहिलंय" हे उत्तर मला चालत नाही. डेटाशीट नागपूरच्या मे महिन्यात लिहिलेली नसते.

नाव आलं त्यालाच चोर ठरवणं

मेसेजच्या पहिल्या ओळीत ज्या प्रोसेसचं नाव येतं, तीच दोषी असं धरून मुलं तिच्या मागे लागतात. पुष्कळदा ती बिचारी बळी असते. मेसेजखालच्या स्टॅकच्या (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीच्या) टोकाला क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ दिसलं, तर हा लॉकची वाट बघतोय, लॉक धरून बसलेला दुसऱ्याच सीपीयूवर आहे. एसएमपी_कॉल_फंक्शन_मेनी दिसलं, तर हा दुसऱ्या सीपीयूच्या उत्तरासाठी थांबलाय आणि तो दुसरा बहुधा इंटरप्ट बंद करून बसलाय. म्हणून सॉफ्टलॉकअप_ऑल_सीपीयू_बॅकट्रेस 1 ठेवा, म्हणजे सगळ्या सीपीयूंचे स्टॅक छापले जातील. सगळ्या कोरचे स्टॅक एका कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि जो कोणाचीच वाट बघत नाही त्याला शोधा. मी अजूनही हे पेन घेऊन करतो. स्क्रीनवर वर-खाली करत वाचलं की नजर पहिल्याच स्टॅकवर चिकटते.

मेसेज कॉपी करून शोधायचा आणि पहिलं उत्तर चिकटवायचं, ही घाई इथे फार महाग पडते. सारखाच मेसेज शंभर वेगळ्या कारणांनी येतो. खरी माहिती खालच्या स्टॅकमध्ये असते, आणि तो वाचायला दहा मिनिटं बसावंच लागतं.

बाकीच्या, थोडक्यात

लांब लूपमध्ये टच_सॉफ्टलॉकअप_वॉचडॉग या फंक्शनचे कॉल पेरू नका. त्याने फक्त शिक्का ताजा होतो, सीपीयू कोणालाच मिळत नाही. झोपता येण्यासारखी जागा असेल तर कॉन्ड_रीशेड (गरज असेल तर सीपीयू दुसऱ्याला देणारं फंक्शन) घाला, नसेल तर काम तुकड्यांत तोडा.

"120 सेकंदांहून जास्त ब्लॉक्ड" हा मेसेज लॉकअपचा नाही. तो हंग टास्कचा आहे. तिथे प्रोसेस झोपलेली असते आणि सीपीयू मोकळा असतो, त्यामुळे शोधही डिस्क, नेटवर्क किंवा म्युटेक्सकडे न्यायचा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये सॉफ्ट लॉकअप दिसला तर आधी स्टील टाइम, म्हणजे हिरावला गेलेला वेळ, बघा. होस्टने, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनने, तुमचा सीपीयूच काढून घेतला असेल, तर गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, कोडमध्ये काही सापडणार नाही.

सीरियल कन्सोल 9600 वर ठेवून ड्रायव्हरमधून धडाधड प्रिंट करू नका. त्या वेगाने सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं जातात, आणि प्रिंट करणारा सीपीयूच अडकून बसतो.

जुन्या लेखांत "पीएसमध्ये (प्रोसेसच्या यादीत) वॉचडॉग/0 दिसतो का बघा" असं असतं. कर्नलच्या 4.19 आवृत्तीपासून ते थ्रेड काढून टाकले आहेत, म्हणून दिसत नाहीत. वॉचडॉग बंद झालाय असं समजू नका.

एआरएम बोर्डवर हार्ड लॉकअप पकडला जाईल असं गृहीत धरू नका. बऱ्याच बोर्डांवर एनएमआयची सोय चालू नसते, आणि इंटरप्ट बंद करून अडकलेला कोर आवाजही करत नाही. 2023 मधल्या 6.5 आवृत्तीपासून एक सीपीयू शेजारच्या सीपीयूची मोजणी तपासतो, अशी सोय आली आहे. कर्नल बांधताना ती निवडा.

/डेव्ह/वॉचडॉग ही वेगळी गोष्ट आहे, ती हार्डवेअरची. तिच्यात ठरावीक वेळेत लिहीत राहावं लागतं, नाहीतर ती मशीन रीसेट करते. तिला असं खाऊ घालायला वेगळा थ्रेड ठेवू नका. मुख्य काम मेलेलं असतं आणि तो थ्रेड इमानाने खाऊ घालत राहतो. मुख्य लूपने एक पूर्ण फेरी मारली, आकडे वाचले, लिहिले, की मगच मी तिला खाऊ घालतो.

केडंप नसेल तर कर्नल.पॅनिक 0 ठेवू नका. पॅनिकनंतर मशीन तिथेच बसून राहतं. मी 10 ठेवतो, म्हणजे 10 सेकंदांनी रीबूट.

आणि हे सगळं लावल्यावर एकदा मुद्दाम अडकवून बघा. एलकेडीटीएम (कर्नल मुद्दाम पाडून बघण्याचं) मॉड्यूल घाला, डीबगएफएस या डीबगिंगच्या फाइलसिस्टममधल्या प्रोव्होक-क्रॅश/डायरेक्ट या फाइलमध्ये सॉफ्टलॉकअप असा शब्द, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, लिहा. तो कोर पुन्हा सुटत नाही, त्यामुळे हे बेंचवरच्या मशीनवर करा, गिऱ्हाइकाकडे नाही. मग घड्याळ लावून बसा: पंचविसेक सेकंदांत मेसेज आला का, डंप बनला का, मशीन स्वतःहून उठलं का. आमच्याकडे ही तिन्ही उत्तरं वहीत तारखेसह लिहिल्याशिवाय पेटी गाडीत चढत नाही.