गॅसचा वास आला की डोकं का चालत नाही

एरवीसुद्धा माणसाच्या मनात एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टी मावतात. भीतीने त्याही गळतात; लक्ष एकाच जागी खिळतं आणि हात सवयीचं काम करून मोकळा होतो. पहाटे स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो, तो यामुळेच. नेमकं तेच घातक: बटण चालू करा की बंद, आत ठिणगी उडू शकते.

म्हणून लांबलचक यादी पाठ करू नका. तीनच कामं: रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नुसती वरची खिडकी पुरत नाही. एक्झॉस्ट फॅनला हात नको. फोन बाहेर गेल्यावरच, गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ वर. नंबर बाहेरच्या दारावर ठळक लिहा, ऐन वेळी तो आठवत नाही.

सराव आजच करा. शेगडी बंद असताना, डोळे मिटून रेग्युलेटरचा खटका पाच वेळा चाचपून फिरवा आणि करताना मोठ्याने बोला: "रेग्युलेटर बंद." ओट्याखाली सिलिंडरपुढे डबे रचले असतील (बहुतेक घरांत असतातच), तर हात पोचत नाही हे तेव्हाच कळेल.