पाच व्होल्टमधून उणे पाच काढताना

डिप्लोमाच्या प्रोजेक्टला हा प्रश्न दरवर्षी येतो: मोबाईलच्या चार्जरवर माइकचा अँप्लिफायर चालवायचाय, पण ऑपॅम्पला (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीला) उणे सप्लाय, म्हणजे ग्राउंडच्या खालचं व्होल्टेज, हवा. मी आधी एवढंच विचारतो, उणे बाजूला करंट किती लागणार? ते ठरल्याशिवाय आयसी निवडू नका.

एलएम ३५८ सारख्या ऑपॅम्पला एक-दोन मिलिअँपिअर पुरतात. तिथे आयसीएल ७६६० ही अधिकचं उणे व्होल्टेज करणारी आयसी घ्या. कॉइल लागत नाही, १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर बस्स. आतले स्विच पहिला कपॅसिटर पाच व्होल्टला चार्ज करतात आणि मग त्याचं अधिक टोक ग्राउंडला टेकवतात. दुसरं टोक आपोआप ग्राउंडच्या पाच व्होल्ट खाली जातं. तोच चार्ज आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठतो.

पिन ८ ला पाच व्होल्ट, ३ ला ग्राउंड. पहिला कपॅसिटर २ आणि ४ मध्ये, अधिक टोक २ कडे. दुसरा ५ आणि ग्राउंडमध्ये, आणि इथे अधिक टोक ग्राउंडला. सवयीने हात उलटा जातो, म्हणून पॉवर देण्याआधी कपॅसिटरवरची पट्टी (ती उणे टोक दाखवते) बोट ठेवून तपासा. पिन ६ मोकळी सोडा. सप्लाय साडेतीन व्होल्टच्या खाली असेल तरच ती ग्राउंडला जोडायची. साध्या ७६६० ची मर्यादा १० व्होल्ट आहे. रेग्युलेशन नसलेला नऊचा अडॅप्टर लोड नसताना त्याच्या वर जातो, तो लावू नका.

आता मल्टिमीटर. काळी प्रोब ग्राउंडला, लाल पिन ५ ला: उणे पाचच्या अगदी जवळ दिसेल. एवढ्यावर खूश होऊ नका. तिथून ग्राउंडला १ किलोओहम लावा, आकडा साधारण ४.७ वर येईल. २२० ओहम लावला की चारवर. आयसीचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स ५५ ओहमच्या आसपास असतो, ही सगळी घट त्याची.

ऑडिओत बारीक शिट्टी आली तर पिन ५ आणि ऑपॅम्पच्या मध्ये ४७ ओहम घाला आणि ऑपॅम्पच्या बाजूने ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, पुन्हा अधिक टोक ग्राउंडलाच. एक मिलिअँपिअरला जेमतेम ०.०५ व्होल्ट जातात, आवाज मात्र चांगलाच स्वच्छ होतो.

पन्नास-शंभर मिलिअँपिअर हवे असतील तर ७६६० चा नाद सोडा. एमसी ३४०६३ (कॉइलच्या मदतीने व्होल्टेज बदलणारी स्विचिंग आयसी), कॉइल आणि शॉट्की डायोड (कमी व्होल्ट खाणारा डायोड) घ्या. त्यात आयसीची ग्राउंड पिन ४ सर्किटच्या ग्राउंडला जात नाही, उणे आउटपुटला जाते. म्हणजे आयसीवर इनपुट आणि आउटपुटची बेरीज पडते. ती ४० व्होल्टच्या बरीच आत ठेवा.