छत बंद होण्याआधी

नेटवर्क केबलिंगची सुपरवायझर म्हणून माझी पहिली साइट पाच मजली कार्यालयाची होती. चारशेच्या वर नेटवर्क पॉइंट, सगळे टेस्टरवर पास. रिपोर्ट छापले, सही केली, फाइल दिली आणि पुढच्या कामाला लागले. तीन आठवड्यांनी अग्निसुरक्षेची तपासणी झाली. आलेल्या अधिकाऱ्यांनी जिन्याशेजारच्या फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवली, टॉर्च मारला आणि मला शिडीवर बोलावलं. जिन्याच्या अग्निरोधक भिंतीला दोन मुठी मावतील एवढं भोक होतं. त्यातून आमच्या चाळीसेक केबल्स गेलेल्या आणि भोवतीची जागा तशीच उघडी. आग लागली असती तर धूर त्या भोकातून सरळ जिन्यात शिरला असता. लोक ज्या वाटेने खाली पळणार, नेमका त्याच वाटेत.

भोक कोणी पाडलं हे मला सांगता आलं नाही. ते आहे हेच मला माहीत नव्हतं, आणि कागदावर सही माझी होती.

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हाच प्रसंग सांगते, कारण आपल्या कामाचं खरं स्वरूप त्यात आहे. केबलिंग जवळजवळ सगळं झाकलं जातं. भिंतीत, फॉल्स सीलिंगच्या वर, फरशीखाली, शाफ्टमध्ये (केबल मजल्यांमधून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत), जमिनीत. टेस्टर तारांबद्दल सांगतो, भिंतीबद्दल काही सांगत नाही. म्हणून देखरेख म्हणजे काम झाल्यावर रिपोर्ट चाळणं नाही, काम झाकण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं आहे. त्या साइटनंतर मी वेळापत्रक वाचायची पद्धतच बदलली. केबल कधी ओढणार यापेक्षा छत कधी बंद होणार, शाफ्टला दार कधी लागणार, चर कधी बुजवणार, या तारखा मी आधी शोधते आणि त्यांच्या आदल्या दिवशी तिथे असते.

नियमांबद्दल नवीन माणूस गोंधळतो, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच फाइलमध्ये येतात. कायदा एक, मानक दुसरं आणि ग्राहकाच्या करारातली अट तिसरी. आयएसओ/आयईसी ११८०१ किंवा टीआयए-५६८ ही मानकं केबलिंगची रचना आणि कामगिरी कशी असावी ते सांगतात. माणसाच्या जिवाचे नियम, म्हणजे विजेपासूनचं अंतर, आग, उंचीवरचं काम, बंदिस्त जागा, हे बहुतेक ठिकाणी कायद्यात किंवा इमारतीच्या नियमावलीत असतात. काही देशांत केबल टाकणाऱ्याचीही नोंदणी लागते. ऑस्ट्रेलियात नोंदणी नसलेल्या माणसाला नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीखालीच काम करता येतं आणि त्याच्या कामाची जबाबदारी देखरेख करणाऱ्यावर येते. तुम्ही जिथे काम करणार तिथला नियम स्वतः वाचा. ‘सगळे असंच करतात’ या वाक्यावर एकही केबल ओढू देऊ नका. आणि करारातली अट कायद्यापेक्षा सैल असेल तर कायदा चालतो, ग्राहक कितीही रागावला तरी.

आपल्या क्षेत्रात एक धोकादायक समज आहे: ‘आपलं लो व्होल्टेज, आपल्याला काय होतंय.’ टेलिफोनच्या तांब्याच्या लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात हे खरं, पण घंटी वाजते तेव्हा त्याच जोडीवर नव्वदेक व्होल्ट एसी येऊ शकतात. ओल्या हाताने, शिडीच्या टोकावर उभं असताना तो झटका माणसाला खाली पाडायला पुरतो. मी पाहिलेल्या अपघातांत विजेने थेट इजा झालेली माणसं कमी आणि दचकून पडलेली जास्त. शिवाय आपली केबल लो व्होल्टेज असली तरी शेजारची तशी नसते. फॉल्स सीलिंगच्या वर हात घालतो तिथे दिव्यांच्या, एसीच्या वायरी असतात, कुठे जॉइंट उघडा असतो. म्हणून छतात डोकं घालण्याआधी व्होल्टेज टेस्टरने आजूबाजूचं सगळं धातूचं तपासणं हा माझ्या टीमचा रोजचा नियम आहे. पॉवर आणि डेटा यांच्यातलं अंतर फक्त सिग्नलच्या गोंगाटासाठी असतं असं बरेच जण समजतात. त्याचं पहिलं कारण सुरक्षितता हेच आहे: पॉवरच्या केबलचं इन्सुलेशन फाटलं तर ती वीज डेटा केबलवरून कोणाच्या तरी टेबलापर्यंत पोहोचू नये.

अर्थिंगचंही तसंच. रॅक (नेटवर्कची उपकरणं बसवायची चौकट), ट्रे, केबलची शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) हे सगळं इमारतीच्या मुख्य अर्थिंगलाच जोडलेलं हवं. ‘नेटवर्कसाठी वेगळी स्वच्छ अर्थ’ म्हणून बाजूला दांडा ठोकून तो इमारतीपासून सुटा ठेवलेला मी दोनदा काढायला लावलाय. वीज कडाडली किंवा कुठे फॉल्ट झाला की दोन अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो, आणि तो फरक रॅकला हात लावून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून वाट काढतो.

मॅनहोलबद्दल मात्र मी सावकाश बोलणार आहे, कारण तिथे दुसरी संधी मिळत नाही.

टेलिकॉमचा मॅनहोल गटाराचा नसतो, म्हणून तो सुरक्षित, असं नव्या हेल्परला वाटतं. पण शेजारच्या गटारातून, गॅसच्या लाइनमधून, कुजलेल्या पाल्यातून वायू डक्टमधून, म्हणजे केबलच्या जमिनीखालच्या नळीतून, झिरपत येतात आणि झाकणाखाली साचतात. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर राहतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. म्हणून गॅस डिटेक्टर फक्त तोंडाशी धरून चालत नाही. तो वर, मध्ये आणि तळाशी, असा तिन्ही ठिकाणी सोडायचा आणि प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल तर आत जायचं नाही. ज्वलनशील वायू त्याच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर गेला तरी जायचं नाही. नाकावर भरवसा ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्यासारखा वास देतो खरा, पण प्रमाण वाढलं की तो वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस खाली उतरतो.

वर उभा असलेला माणूस हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पद आहे. त्याला मी दुसरं कोणतंही काम देत नाही. केबलचं ड्रम फिरव, चहा आण, फोन घे, काहीही नाही. त्याचं काम आतल्या माणसाशी बोलत राहणं, आणि तो बोलेनासा झाला तर मदत बोलावणं व दोरीने, मॅनहोलवर उभ्या केलेल्या तिपाईच्या चाकाने त्याला वर ओढणं. स्वतः आत उडी मारायची नाही. हे सांगायला सोपं, पाळायला फार कठीण. आपला मित्र खाली पडलेला दिसतोय आणि आपण वरच उभं राहायचं, हे कोणालाही जमत नाही, आणि बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत वाचवायला गेलेलेच किती असतात हे त्यामुळेच आहे. म्हणून मी हे फक्त सांगत नाही, दर साइटवर सुरुवातीला करून घेते. एकाला हार्नेस घालून खाली उतरवायचं, तो गप्प बसणार, वरच्याने त्याला चाकाने बाहेर काढायचं. पंधरा मिनिटं जातात. एका ठिकाणी या सरावातच कळलं की तिपाईचं चाक अडकतंय.

फायबरचे, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या काचेच्या तारेचे, धोके लहान दिसतात म्हणून राहून जातात. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे ‘लाइट येतोय का बघतो’ म्हणत टोक डोळ्याशी नेणाऱ्याचा हात मी धरते. पॉवर मीटर त्यासाठीच असतो. कापलेल्या फायबरचे तुकडे केसासारखे बारीक काचेचे काटे असतात. काळ्या मॅटवर काम, तुकडे झाकणाच्या डब्यात, चष्मा डोळ्यावर आणि त्या टेबलापाशी खाणंपिणं बंद.

आता केबल ओढण्याकडे येते. चार जोड्यांच्या ट्विस्टेड पेअर केबलला (तांब्याच्या तारा जोडीने पीळ दिलेल्या) ओढताना ११० न्यूटनपेक्षा जास्त ताण देऊ नये, म्हणजे साधारण अकरा किलो वजन टांगल्याएवढा. एवढा ताण माणूस एका हाताने सहज देतो. म्हणून केबल अडकली की जोर लावणाऱ्याला थांबवायचं आणि अडकली कुठे ते बघायला माणूस पाठवायचा. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या निदान चौपट ठेवायची. टर्मिनेशनला, म्हणजे तारा जॅकमध्ये (नेटवर्कच्या सॉकेटमध्ये) बसवताना, जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. हे आकडे पाठ करून पुरत नाही, डोळ्याला त्यांची सवय लागली पाहिजे. मी एका जुन्या जॅकवर १३ मिलिमीटरची खूण करून टूलबॉक्समध्ये ठेवते आणि नव्या मुलाच्या हातात तो देते. फॉल्स सीलिंगच्या वर केबल टाइल्सवर, स्प्रिंकलरच्या पाइपवर किंवा छताच्या लटकत्या तारांवर टाकू द्यायची नाही. तिला स्वतःचा ट्रे किंवा हुक हवा. आगीत टाइल्स पडतात, आणि त्यावर ठेवलेल्या केबल्स आत शिरलेल्या अग्निशामकांच्या अंगावर जाळ्यासारख्या येतात.

केबल ओढण्याआधी बॉक्स उघडून तार खरवडून बघा. लाल तांब्याखाली चांदीसारखी चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. मानकांत ती बसत नाही. तिचा रोध तांब्याहून बराच जास्त, म्हणजे वीज वाहताना उष्णताही जास्त, आणि तार मोडतेही लवकर. पूर्वी हा फक्त दर्जाचा प्रश्न होता, आता त्याच केबलमधून उपकरणांना वीजही जाते. २००३ मध्ये इथरनेटवरून वीज द्यायचं पहिलं मानक आलं तेव्हा एका पोर्टमधून १५.४ वॅट जात होते. २०१८ च्या मानकात ते ९० वॅटपर्यंत गेले, चारही जोड्यांतून. शंभर केबल्सची घट्ट मोळी बांधली तर मधल्या केबल्सची उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही. म्हणून मी मोळी चोवीस केबल्सवर थांबवते आणि प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो वापरायला लावते. दिसायला जाड मोळी सुंदर असते, फोटोही छान येतात, पण आत काय तापतंय ते फोटोत दिसत नाही.

टेस्टिंगला बसताना रिपोर्टवरचा ‘पास’ वाचण्याआधी वरची ओळ वाचा: कोणती मर्यादा लावून टेस्ट केलीय? ९० मीटरपर्यंतची पक्की बसवलेली लिंक आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्डसकट (उपकरणं जोडायच्या सुट्या केबल्ससकट) १०० मीटरचं चॅनेल यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. चॅनेलच्या सैल असतात. पक्क्या लिंकला चॅनेलची मर्यादा लावली की कच्चं कामही पास होतं. एका साइटवर अशाच चारशेपैकी सत्तर लिंक पुन्हा टेस्ट केल्यावर अकरा नापास निघाल्या. साध्या कंटिन्युइटी टेस्टरवर विसंबू नका. दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा एक जोडी म्हणून लागल्या असतील, ज्याला आम्ही स्प्लिट पेअर म्हणतो, तर त्या टेस्टरवर टोकाला टोक बरोबर दिसतं आणि तरीही ती लिंक लोड आल्यावर कोसळते. फायबरमध्ये लॉस, म्हणजे वाटेत कमी झालेला प्रकाश, उणे दिसला तर आनंद मानू नका. काच प्रकाश वाढवून देत नाही, मोजणीआधीचा संदर्भच चुकीचा सेट झालाय. आणि टेस्टरच्या कॅलिब्रेशनची तारीख संपलेली असेल तर पूर्ण फाइल संशयाखाली येते.

तुम्हाला वाटेल, वीस वर्षं केबल ओढलेल्या माणसाला हे सगळं मी कसं सांगू? मलाही जड गेलं होतं. मी हुकूम देत नाही, कारण सांगते आणि बरोबर शिडीवर चढते. ‘दादा, इथून जिना आहे, धूर इथून येईल’ म्हटलं की भोक बुजवायला कोणी नाही म्हणत नाही. आणि ते म्हणतात तेही ऐकते. शाफ्टमध्ये जुन्या पाइपवरचं भुरभुरतं पांढरं आवरण फुफ्फुसांना घातक असं अॅस्बेस्टॉस असू शकतं, हे मला प्रशिक्षणात नाही, एका वयस्कर टेक्निशियनने शिकवलं. त्याने हातोडी खाली ठेवली आणि काम थांबवलं. तपासणी होईपर्यंत आठवडा गेला, ठेकेदार ओरडला, आणि नमुना अॅस्बेस्टॉसचा निघाला. काम थांबवण्याचा अधिकार माझ्या टीममध्ये हेल्परपासून सगळ्यांना आहे, आणि ज्याने थांबवलं त्याला त्या दिवशी कोणी प्रश्न विचारत नाही.

कागदांचं थोडक्यात: लेबल केबलच्या दोन्ही टोकांना, नकाशा प्रत्यक्षात टाकलं तसा, ठरलं होतं तसा नव्हे. झाकलेल्या प्रत्येक ठिकाणाचा झाकण्याआधीचा फोटो, जागा आणि तारीख दिसेल असा. अग्निरोधक भिंतीतल्या प्रत्येक भोकाला क्रमांक, कोणतं सीलिंग साहित्य भरलं, कोणी भरलं, कोणी पाहिलं.

पहिल्या महिन्यात सही करायची घाई करू नका. एखाद्या चांगल्या टेक्निशियनबरोबर राहा, शंभर जॅक स्वतः पंच करा (तारा त्यात दाबून बसवा), त्यातले नापास झालेले उघडून बघा. टॉर्च, छोटा आरसा, व्होल्टेज टेस्टर आणि फोन खिशात ठेवा. माझ्या आत्ताच्या साइटवर उद्या दुसऱ्या मजल्याचं छत बंद होतंय. सीलिंगवाल्यांचा मुकादम सकाळी आठला टाइल्स लावायला सुरुवात करणार आहे. सातला मी शिडीवर असेन. त्या मजल्यावर सतरा भोकं आहेत, आणि कालपर्यंत पंधराच बुजलेली होती.